हात न लावता वाचलेला फोन

"दे म्हटलं न्हाई मी. धर म्हटलं. वर धर."

लॉजच्या काउंटरमागून अप्पा बोलत होता. मालकाला आम्ही कामवाल्या सगळ्या अप्पाच म्हणायचो. मी फोन पुढं केला होता. तो माझ्याच हातात राहिला. अप्पानं खुर्ची जरा मागं सरकवली आणि चष्मा नीट केला.

"अजून वर. आता बोट फिरव. हळू."

माझ्या आधी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मल्लम्माचा फोन त्यानं स्वतःच्या हातात घेतला होता. अंगठ्यानं वरखाली करून पाहिला आणि परत दिला. माझा घेतला नाही. मी गावाबाहेरच्या वस्तीतली. माझ्या हातचा फोन त्याला चालत नव्हता. फोनाच्या आतलं सगळं मात्र चालत होतं. माझ्या लेकीचे फोटो, भावाचे निरोप, दवाखान्यातल्या कागदाचा फोटो. सगळं. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, त्याच्या तोंडासमोर फोन धरून उभी होते, आणि दंड भरून आला तरी हात खाली घ्यायची सोय नव्हती.

म्हणजे आमचं शिवायचं नाही, पण वाचायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे!

माझं माहेर करजगीचं. नवरा गेल्यावर गाणगापुरात लॉजच्या कामाला लागले. खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या. सात वर्षं केलं. महाराष्ट्रातून मोठमोठ्या गाड्यांतून माणसं येतात आणि दुपारी अनवाणी पायांनी, झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागतात. बघून बरं वाटायचं. ती झोळी आमच्या वस्तीकडं वळलेली मात्र मी सात वर्षांत पाहिली नाही. त्याचंही मला काही वाटायचं नाही. सवय झाली होती. सवय फार वाईट.

फोन तपासणं सुरू झालं ते शोभामुळं. शोभा आमच्यात सगळ्यात लहान, बावीस वर्षांची, एका लेकराची आई. अप्पाचा मेहुणा लॉजवरच राहतो. शोभा गच्चीवर गेली की हाही मागून जायचा. एक दिवस तिनं फोन ओल्या चादरींच्या टबाखाली चालू ठेवला आणि त्याचं बोलणं भरून घेतलं. तो काय बोलला ते मी इथं लिहिणार नाही. ते ऐकवायची जागा वेगळी आहे. शोभानं तो आवाज मला पाठवला, कारण मी वयानं मोठी. दुसऱ्याच दिवशी मेहुण्याला ते कुठून तरी कळलं, त्यानं तिचा फोन हिसकावून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत टाकला. शोभा कामाला यायची बंद झाली.

आता तो आवाज फक्त माझ्या फोनात होता.

अप्पाला वास लागला असणार. त्यानं आम्हा सगळ्यांना काउंटरसमोर उभं केलं. "माझ्या लॉजची बदनामी करायलेत कुणीतरी. उद्यापासून चार वाजता घरी जाताना फोन दाखवूनच जायचं. ज्याला जमत न्हाई त्यानं उद्या येऊ नगं."

त्या रात्री मी रेखाला फोन लावला. रेखा माझी लेक, कलबुर्गीत नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "मम्मी, तू कामून घाबरायलीस? ज्या ॲपमधी आवाज हाय त्याचं चित्र बदलता येतंय. नावबी बदलता येतंय. वरून बघणाऱ्याला कळतच न्हाई. कॅल्क्युलेटर करून टाक."

मला हसू आलं. "झाडूवालीच्या फोनात कॅल्क्युलेटर? अप्पा पहिलं तेच उघडंल."

कॅल्क्युलेटरपेक्षा बरी युक्ती मल्लम्मानं काढली. मल्लम्मा कानडी बोलणारी, गावातली, माझ्याबरोबरच लागलेली. आम्हा बायकांचा एक ग्रुप होता त्याच ॲपवर. कुठल्या खोलीतलं गिऱ्हाईक चांगलं नाही, कुठं एकटीनं जायचं नाही, हे आम्ही एकमेकींना तिथं सांगायचो. तो ग्रुप लपवायला मल्लम्मानं कॅलेंडरावरच्या पादुकांचा फोटो काढला, ॲपवर लावला आणि नाव दिलं 'दत्त आरती'. पहिल्याच तपासणीत अप्पानं तिच्या फोनात पादुका पाहिल्या. बोट लावून ते बोट स्वतःच्या डोळ्यांना लावलं. म्हणाला, "छान. रोज लावत जा." आणि फोन परत दिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, म्हणून त्या दिवशी माझी पाळी आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या हौदापाशी आम्ही पोट धरून हसलो. मी तिथंच माझ्या फोनालाही पादुका लावून घेतल्या.

रेखानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, ॲप काढून टाकलं तर आतलं सगळं जाईल, परत मिळणार नाही. दोन, तो आवाज आधी तिच्याकडं पाठवून ठेव. पहिली मी ध्यानात ठेवली. दुसरी केली नाही. आईनं असलं घाण बोलणं लेकीला कसं पाठवायचं, याची लाज वाटली. आणि वाटलं, पादुकांच्या मागं कोण बघणार? मल्लम्माचं चाललं तसं माझंही चालेल. एवढी अक्कल मला त्रेचाळीस वर्षांत आली नव्हती, की जे मल्लम्माचं चालतं ते माझं कधीच चाललेलं नाही.

तर मी फोन धरून उभी होते. बोट फिरवत होते.

"थांब. हे काय हाय?"

"आरती हाय, अप्पा."

"तुझ्या फोनात?"

मी फोन तसाच वर धरून ठेवला.

"तुमच्यात कवापासून दत्त आला? दिवसभर संडास घासायलीस, अन त्याच बोटानं पादुका दाबायलीस व्हय?"

काउंटरपाशी नगरकडचं एक जोडपं किल्लीसाठी थांबलं होतं. बाईनं फरशीकडं पाहिलं. बाप्यानं ऐकलंच नाही असं केलं. मल्लम्मा दारात थांबली होती.

"उघडू नगं. आरती-बिरती लावू नगं. काढून टाक ते. आत्ता. माझ्यासमोर."

मला आधी काय वाटलं सांगू? लाज वाटली. आपलंच चुकलं असं वाटलं. पादुका लावायला नको होत्या, आपल्या पायरीनं राहायला पाहिजे होतं, असं मनात आलं. आज मला सगळ्यात जास्त तेच टोचतं. त्याचं बोलणं नाही, माझी ती लाज.

मी बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, काढायचं का? खाली दोन शब्द. हो. नाही.

हो दाबलं असतं तर काम राहिलं असतं. शोभाचा आवाज गेला असता. मग ती कुठंही गेली असती तरी तिला म्हणाले असते, पुरावा कुठाय? मेहुणा गच्चीवर दुसऱ्या कुणाच्या तरी मागं गेला असता.

आणि तेवढ्यात एक गोष्ट लख्ख कळली. अप्पाला माझं खोटं कळलंच नव्हतं. त्याला ती खरी आरतीच वाटत होती. माझी भक्ती खरी समजूनच तो ती काढायला सांगत होता. म्हणजे मी खोटी असते तरी हेच, आणि खरी असते तरी हेच. मग मी भ्यायचं कशासाठी?

मी 'नाही' दाबलं. फोन काउंटरवर ठेवला. त्याच्या रजिस्टरवर, त्याच्या बरोब्बर पुढ्यात.

"काढायचं आसंल तर तुमीच काढा. लावा हात."

 

अप्पाचा हात पुढं आला. फोनापासून बोटभर लांब थांबला. त्यानं जोडप्याकडं पाहिलं, मल्लम्माकडं पाहिलं. मग रजिस्टरवरचं पेन उचललं आणि टोपणाच्या टोकानं पादुकांवर टोचलं. काही झालं नाही. परत टोचलं. काहीच झालं नाही.

त्या काचेला माणसाचं कातडं लागतं. माझं चालतं. त्याचंही चाललं असतं.

मी हसले. मोठ्यानं हसले. सात वर्षांत त्या काउंटरपाशी माझा आवाज तेवढा कधी निघाला नव्हता.

"चालती हो," अप्पा म्हणाला. "परत ह्या दारात दिसू नगं."

"न्हाई दिसत," मी म्हटलं. फोन उचलला, पदरानं पुसला आणि निघाले. तो पेनानं टोचलेला होता, पुसायला नको?

मल्लम्मा माझ्यामागून आली नाही. तिच्या घरी म्हातारा सासरा आहे, तिचं काम तिला हवंच. पण मी बसस्टँडवर पोचायच्या आत तिचा निरोप आला. "अक्का, पेन अजून हातातच हाय त्याच्या."

तिथंच बाकावर बसून मी तो आवाज रेखाला पाठवला. वर लिहिलं, ऐकू नको, नुसता जपून ठेव. तिनं ऐकला. रडत फोन केला. मी म्हटलं, "रडून काय व्हतंय? शोभाच्या घरी जायले मी."

मग माझ्या फोनावरच्या पादुका काढल्या. ॲपचं खरं चित्र, खरं नाव परत लावलं. रेखा चिडली. "मम्मी, येडी झालीस काय? झाकूनच राहू दे की." तिचं खरं आहे. ज्यांना उद्या परत झाडू हातात घ्यायचाय त्यांनी झाकावंच. आताही कुणी बाई आली तर मी स्वतः तिच्या फोनाला वेष चढवून देते. कुणाला हवामान, कुणाला पाककृती. पादुका नाही. झाकणं हा भित्रेपणा नाही, ते आमच्या अंगावरचं लुगडं आहे. पण माझं झाकण आता मला नको.

शोभानं आणि मी मिळून तक्रार दिली. अर्ज कानडीत लिहून घेतला, वाचून घेतला, मग अंगठा नाही, सही केली. शोभाचा नवरा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आला. मेहुणा अजून लॉजवरच आहे. अप्पा रोज चार वाजता फोन बघतोच. काही बदललेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

उद्या तालुक्याला चौकशी आहे. मोठं टेबल असेल. पलीकडं कुणीतरी साहेब असेल. तो म्हणेल, फोन दाखव. कदाचित म्हणेल, तिथूनच दाखव, वर धर.

मी धरणार नाही. टेबलावर ठेवीन आणि हात मागं घेईन. ज्याला शोभाचं ऐकायचंय, त्यानं आधी माझा फोन हातात घ्यायचा.