रानकांद्याचे एकवीस दगड

गोजाबाई,

तुम्हांला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्हीही नाही, तरी पत्र तुम्हांलाच लिहिते. बाकीच्यांना आधी रानकांदा म्हणजे काय हे सांगत बसावं लागतं. फुलतो तेव्हा पान नसतं, पान येतं तेव्हा फूल नसतं, आणि दोन्ही नसतात तेव्हा तो जमिनीत आहे हेसुद्धा कळत नाही. एवढं ऐकायला धीर आहे कुणाला?

१९५५च्या श्रावणात मी पिंपरीच्या माळावर आले ती कॉलेजची वही घेऊन. या भागात रानकांदा किती उरलाय, कसल्या जमिनीत येतो, एवढं लिहून द्यायचं होतं. मुरमाड माळ, आणि जिकडे पाहावं तिकडे त्याची पट्ट्यांसारखी पानं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून टिकलेली. तासाभरात 'विपुल' असं लिहून मी मोकळी झाले. तुम्ही शेजारीच चिंचवडच्या वैद्यांसाठी मुळ्या खणत होता.

"काय लिव्हलंस?"

मी सांगितलं.

"पानं मोजलीस व्हय? मंग पाळणे मोजून गावात कर्ते किती, त्येबी सांगशील." तुम्ही हसलात. "ही समदी पोरंसोरं. फूल याया लई वर्सं लागत्यात. चैतात ये."

राग आला, पण आले. भर दुपारी. माळ भाजून निघालेला, पान एकही नाही; नुसते तपकिरी दांडे आणि मिटलेल्या कळ्या. मी परत निघाले तर तुम्ही पदर ओढून खाली बसवलंत.

"गाडी रोज हाय. ह्ये रोज न्हाई."

दिवेलागणीला त्या मळकट कळ्या एकेक करून उघडल्या. मी दांडे मोजायला लागले. "दोन विसा आन् एक," तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात. एक्केचाळीसच भरले. 'विपुल' मी तिथेच खोडलं.

त्याच माळावर कारखान्यासाठी फक्कीच्या रेघा पडल्या होत्या. पावसाच्या आत जमीन सपाट होणार होती. कारखान्यावर तुमचा राग नव्हता. "आमच्या चिमाजीला काम लागंल, बरंच हाय की. पर ह्या कांद्यानं कुनाचं घोडं मारलंय?"

बी झडल्याशिवाय कांद्याला हात लावायचा नाही, ही तुमच्या सासूची शिस्त. पण तोवर दांडा वाळून उडून जातो आणि कांदा सापडत नाही. म्हणून तुम्ही चैत्रातच प्रत्येकाशेजारी एक दगड ठेवायचात. ज्येष्ठात आपण त्या एक्केचाळीस दगडांवरून दोन दिवस खणलं. चिकानं माझे हात आठवडाभर खाजत होते. वीस कांदे मी कॉलेजच्या बागेत नेले. एकवीस तुम्ही पाटीत घालून निगडीपलीकडच्या टेकाडावर लावलेत, शेजारी पुन्हा तेच दगड.

बागेत मी काळी माती घातली, शेणखत घातलं, पाऊस नसेल तेव्हा झारीनं पाणी घातलं. दोन महिन्यांत विसांचा लगदा झाला. तोंड पाडून तुमच्याकडे आले.

"पाहुनचारानं मारलेस," तुम्ही म्हणालात. "त्येला मुरूम लागतुया, ऊन लागतंय आन् कुनी इचारलेलं चालत न्हाई. तुज्यासारखंच हाय." मग चहा केलात.

पुढे मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. कुठलंही झाड दुर्मिळ की मुबलक हे ठरवायच्या आधी त्याच्या तिन्ही ऋतूंत जाऊन या, हे दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत आले. मुलींना ते माझं वाटायचं. मीही कधी दुरुस्त केलं नाही. ते तुमचं होतं, गोजाबाई. माझी नोकरी, माझं थोडंफार नाव, सगळं त्या एका संध्याकाळचं. आभार तेव्हाच मानायला हवे होते, आज मानते.

शेवटच्या भेटीत तुम्ही चुलीपुढे गुडघे चोळत बसला होता. "टेकाड आता मला चढवत न्हाई. पैल्या वर्सी कांदं रुसतील. त्येच्या फुडच्या चैतात तू जा, किती फुललं मोज, आन् मला येऊन सांग."

मी हो म्हटलं. त्या चैत्रात माझं लग्न झालं आणि नागपूरची नोकरी लागली. चिमाजीचं एक कार्ड आलं होतं: आई विचारते, किती फुलले? पुण्याला आले की जाते, असं मी उत्तर लिहिलं. पुण्याला मी कितीदा तरी आले. टेकाडावर गेले नाही.