साडेसातची रांग

रेल्वे फाटक मागे पडून तास होत आला होता आणि गाव अजून तीन किलोमीटर होतं. पंजाबराव हँडल धरून स्कूटर ढकलत होते, सुचिता बाजूने चालत होती. स्कूटरला काही झालेलं नव्हतं. टाकीत पेट्रोल होतं, दोन्ही चाकांत हवा होती. फक्त ती चालवायला दोघांपैकी एकालाही येत नव्हतं.

सुचिताने कधी शिकून घेतलं नाही, कारण नेणारं-आणणारं माणूस घरात होतं. पंजाबरावांचं मात्र कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. नांदुरा स्टेशनबाहेरच्या गाडी स्टँडवर बावीस वर्षं ते दिवसाला दीडशे-दोनशे गाड्या आत घेत होते, बाहेर काढत होते. सगळ्या हाताने ढकलून. एकीवरही ते कधी बसले नाहीत.

"लोकायची वस्तू," ते म्हणाले, "तिच्यावर आपन कायले बसाव?"

समोरून पंजाबरावांच्या ओळखीची गोजरबाई आली. डोक्यावर वेचलेल्या कापसाचं गाठोडं. ती थांबली आणि हसली. "काय हो पंजाबराव, दोघं बी पायी? गाडीले फिराले आनलं काय? का तेल सरलं?"

"तेल हाये, गोजरबाई. हाकनारा नाई," ते बोलून गेले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. गोजरबाईने सुचिताच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि पुढे गेली.

स्कूटर सुचिताच्या नवऱ्याची, भालचंद्रची. अकोल्याला सरकारी कचेरीत ते कारकून होते. गावातून स्कूटरने स्टेशन, तिथून साडेसातची पॅसेंजर, अशी त्यांची चौदा वर्षं गेली. दीड महिन्यापूर्वी एका सोमवारी ते डब्यात खिडकीशी बसले ते बसलेलेच राहिले. अकोला आल्यावर शेजारच्या माणसाने झोप लागली असेल म्हणून खांदा हलवला, तेव्हा कळलं.

भेटायला येणारा जो तो एकच सांगायचा. त्रास झाला नाही, झोपेत गेले. शेगाव आलं असेल अन् महाराजांनी अलगद उचलून घेतलं, भाग्यवान माणूस. सुचिता रोज देवापाशी दिवा लावताना हेच मनाशी म्हणायची. त्या एका वाक्यावर तिने दीड महिना काढला होता.

स्कूटर आणायला दीर जाणार होता. तिनेच नको म्हटलं. तिच्यानंतर भालचंद्रशी बोललेला ओळखीचा माणूस म्हणजे स्टँडवरचे पंजाबराव. ते शेवटचं काय बोलले, एवढं तिला ऐकायचं होतं. पण स्टँडवर तिला विचारता आलं नाही, आणि पंजाबरावांनी पायात चपला सरकवून स्कूटर बाहेर काढली. "मी येतो तुमच्यासंग गावालोक. तानूबाई पाहीन स्टँड." तानूबाई म्हणजे त्यांची बायको.

तेव्हापासून ते बोलतच होते. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये होतो, जिनिंग बंद पडली. मग स्टँडवर उभा राहिलो. पहिल्या दिवशी चाळीस गाड्या होत्या, एक पाडली, अजून आठवते. पोरीचं लग्न मेहकरला करून दिलं. सुचिता हूं-हूं करत होती. माणूस एवढं बोलतो तेव्हा तो काहीतरी टाळतो, हे तिला समजत होतं.

"साडेसातची रांग येगळी असते, वैनी," ते म्हणाले. "नेहमीचे लोक आत येत नाईत. गेटावर गाडी सोडतात, किल्ली माह्या हातात टाकतात अन् पॅसेंजर धराले पयतात. मंग मी एकेक आत घेतो. भाऊची तिथं लिंबाखाली. सीटवर पोतं टाकतो, ऊन लागू नाई म्हनून. बावीस वर्सांत माह्यामुळं एकाचीबी पॅसेंजर चुकली नाई." हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात शंभरदा अभिमानाने म्हटलं असेल. आज ते मध्येच तुटल्यासारखं झालं.

सुचिता थांबली. "पंजाबभाऊ, त्या दिवशी ते काय बोलले?"

त्यांनी स्कूटर रस्त्याकडेच्या बाभळीपाशी नेली, स्टँडवर लावली आणि रुमालाने सीट पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतं. दीड महिना ते रोज पुसतच होते.

"भाऊ गेटावर आले. घामानं शर्ट भिजेल होता. थंडीचे दिवस, वैनी. मले म्हने, पंजाबराव, आज बरं नाई वाटून राह्यलं, छातीत कसंतरी होते. घरी वापस जातो." ते थांबले. "अन् मी हासलो. म्हनलं, काय भाऊ, सोमवार आला का तुमाले बरं नाई वाटत! सिग्नल पडला, पया. त्यायनं हँडल वळवलं होतं. मी त्यायच्या हातातून किल्ली काढून घेतली."

लांब रुळावरून मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत दोघं उभी राहिली.

"म्हणजे त्यांना त्रास होत होता," सुचिता म्हणाली.

"हाव."

तिने पुढे होऊन स्कूटरचं हँडल धरलं. "सोडा. मी नेते." तिने स्टँड काढला आणि जोर लावला. दहा पावलं स्कूटर गेली, मग रस्त्याच्या उतारावर एका बाजूला कलली. तिच्या पोटरीला फूटरेस्ट लागला. पंजाबरावांनी मागून कॅरिअर धरून ठेवलं म्हणून स्कूटर खाली पडली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही मागे वळून पाहिलं नाही. तशीच अर्धा किलोमीटर ती पुढून ओढत राहिली आणि ते मागून तोल धरत राहिले. तिला रडू येत होतं, आणि हात मोकळे नव्हते म्हणून डोळेही पुसता येत नव्हते.

मारुतीच्या पाराशी ती थांबली. पाराला हात लावून तिने तो कपाळाला लावला आणि तिथेच टेकली.

"त्या सकाळी चहा त्यांनी अर्धा टाकला होता," ती म्हणाली. "भाकरीला हातच लावला नाही. मला म्हणाले, जरा पडतो. मी डबा हातात दिला. म्हटलं, आता कसले पडता, पॅसेंजर चुकेल." तिने पदराने तोंड पुसलं. "हे मी अजून कुणाला सांगितलं नाही. देवालाही नाही."

पंजाबराव खाली, तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. पारावर कुणीतरी सकाळी वाहिलेली रुईची माळ सुकली होती.

"त्या दिवसापासून मी कोनालेच पया म्हनत नाई," ते म्हणाले. "परवा तिघायची पॅसेंजर चुकली. एक जन म्हने, म्हातारा झाला बे हा, याले काढा. मालक बी बोलला." ते किंचित हसले. "बोलू द्या."

मग त्यांनी विचारलं, "भाऊच्या जागी तुमाले घेतात म्हने?"

"कागदपत्रं पुरी झाली की. साहेबांनी तसं सांगितलंय. आधी स्कूटर शिकावी लागेल."

"शिकसान. मंग याच पॅसेंजरनं जासान. साडेसातच्या." ते उठले, हँडल धरलं, पण स्कूटर हलवली नाही. "वैनी, एक मांगू?"

"मागा."

"बावीस वर्सांची सवय हाये. आज नाई म्हनलं तरी सिग्नल पडला का तोंडातून निघन. एखाद्या सकाळी तुमाले बरं वाटलं नाई, अन् मी म्हनलं, पया वैनी, तर माह्या हातात किल्ली देऊ नका. मी हात पुढं केला तरी देऊ नका. गेटावरूनच वळवा अन् घरी जा. एवढं आयका माह्यं."