अनंताच्या आठ फांद्या

फवारा मारल्यावर पाचव्या दिवशी अनंताची पानं पिवळी पडून मोरीत गळाली. मी लेकाला विचारलं, "पांढरी कीड मारायला सांगितलं होतं. झाड काहून मारलंस?"

तो पंपाकडं बघत म्हणाला, "माय, आदल्या रोजी त्याच पंपानं बांधावर तणनाशक मारलं व्हतं. धुवायचं राहून गेलं."

मी शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या. पण शिव्यांनी पान हिरवं होत नाही. तणनाशक पानातून मुळात उतरतं आणि मुळातून सगळीकडं जातं. बांधावरची हराळी अशीच मरते, जन्मभर बघितलेलं आहे. गल्लीत दुसरा अनंत नव्हता. जे वाचवायचं ते त्याच दिवशी वाचवायला पाहिजे होतं.

एकच फांदी हिरवी होती. वाटणीत घराची दोन घरं झाली तेव्हा बुंधा माझ्याकडं राहिला आणि ही फांदी भिंतीवरून थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात उतरली. तिच्यावर फवारा गेला नव्हता. दाढीचं नवं ब्लेड घेऊन मी त्यांच्या दारात गेले.

"ही फांदी कापायची हाय."

"आता आठवली व्हय फांदी? दोन फुलं तोडली तर भिंतीवरून वरडत व्हतीस."

"दोन? पदर भरून न्यायच्या तुमी, जाऊबाई."

"काप मग. पण तुझ्या हाताला काई लागत न्हाई. दोनदा लावलीस, दोनदा वाळली."

ते खरं होतं. पण हे शब्द नवे नव्हते. माझी पहिली दोन लेकरं पाळण्यात गेली, तेव्हाही गल्ली हेच बोलली होती. तेव्हा मी गप्प बसले. या वेळी बसायचं नव्हतं.

फांदीचे आठ तुकडे निघाले. जाऊबाईंनी चार उचलले. "माझ्या अंगणातली फांदी हाय. बघू कुनाच्या हाताला लागते."

माझ्या फांद्या दोनदा का मेल्या, त्याचा विचार मी बरेच दिवस केला होता. आमच्याकडं फांदी लावताना कापलेल्या टोकाला ओलं शेण थापतात. सगळेच थापतात, मीही थापलं होतं. कुंडीत टोक सडलं. शेण मातीला चांगलं, उघड्या जखमेला नाही. दुसरी चूक अशी की दर आठवड्याला उपटून मुळं बघायची. अनंत दीड-दोन महिने घेतो. जे मूळ फुटायला आलेलं असतं ते बघणाराच तोडतो.

म्हणून या वेळी वेगळं केलं. अगदी कोवळा शेंडा घेतला नाही, तपकिरी लाकूडही घेतलं नाही. माझ्या चारही तुकड्यांचा मधला भाग घेतला, वाकवला तर वाकेल पण लोंबणार नाही असा. पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली ब्लेडनं एका झटक्यात कापला. खालची पानं काढली, वरची अर्धी कापली, कळ्या तोडून टाकल्या. लेकाला नदीची वाळू आणायला लावली. चार पाण्यांनी धुतली, तीही त्याच्याकडूनच. भोक पाडलेल्या डब्यांत वाळू भरून फांद्या खोचल्या. पाण्याच्या बाटल्यांची बुडं कापून त्या फांद्यांवर झाकल्या, म्हणजे आत दमट राहतं. डबे रांजणाच्या सावलीत ठेवले. मग हात लावला नाही. फक्त वाळू सुकली की पाणी.

भिंतीपलीकडं जाऊबाईंचं शेण थापणं, उपटणं, परत खोचणं चालू होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दोन काळ्या पडल्या. पोळ्यापर्यंत चारही गेल्या. माझी एक गेली. राहिलेल्या तीन ना वाढत होत्या, ना मरत होत्या. रोज हात शिवशिवायचे. मी पाठीमागं हात बांधून बघायची.

सातव्या आठवड्यात एकीला नवं पान आलं, नखाएवढं. मग दुसरीला, मग तिसरीला. आणखी दहा दिवस थांबले. मग एक डबा बादलीतल्या पाण्यात हळूच पालथा केला. वाळू खाली बसली आणि हातात पांढरी मुळं आली, बोटभर लांब, गच्च झुपका. मी ती तशीच थेंब गाळत जाऊबाईंच्या दारात नेली.

"बघा."

त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "बाटलीनं लागली ही. तुझ्या हातानं न्हाई."

"बाटली कुनी ठेवली?"

त्या हसल्या नाहीत, पण त्यांची सून आत फिस्सकन हसली. मग जाऊबाई म्हणाल्या, "मला एक दे की."

"देते. पण लावनार मी."

"व्हय बाई, तूच लाव. लागतंय तुझ्या हाताला."

मला एवढंच ऐकायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून, त्यांच्याच अंगणात, सुनेसमोर ऐकलं. खड्डा मी खणला, माती मी लोटली, पाणी मी घातलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जुनं झाड वाळलं, लेकानं ते खणून काढलं. यंदा पेरणीच्या आधी तिन्ही फांद्यांना फुलं आली. आठ लावल्या होत्या. तीन जगल्या, त्या तिन्ही माझ्या हातच्या.