कबरीवरची प्लॅस्टिकची फुले

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्या चर्चच्या कबरस्तानात साफसफाई होते. कबरींवर प्लॅस्टिक राहू द्यायचे नाही, असे यंदा चर्चच्या मंडळीने ठरवले होते. कॉलेजच्या प्रार्थना गटातली मुले सकाळची प्रार्थना आटोपून पोती घेऊन आली आणि जुने हार, रंग उडालेले गुलाब गोळा करू लागली.

एका कबरीपाशी एक म्हातारी बसली होती. गटातल्या मुलीने तिथल्या गुलाबांना हात लावताच ती म्हणाली, "राहू दे गं. माझ्या लेकाचे आहेत."

"मावशी, खरी फुलं वाहा ना. ही कुजत नाहीत, मातीत तशीच राहतात."

"म्हणूनच आणते. मी लांबून येते, वर्षातून एकदा. तुझी खरी फुलं संध्याकाळीच माना टाकतील. मग वर्षभर त्याच्यापाशी काय राहील?"

न कुजणे हा मातीच्या दृष्टीने दोष. आईला नेमके तेच हवे होते. ठराव करताना मंडळीच्या हे ध्यानात आले नव्हते.

मुलगी पोते बाजूला ठेवून खाली बसली. "आम्ही दर शुक्रवारी प्रार्थनेला जमतो. इथेही येत जाऊ."

"तुम्ही पोरं शिकून उडून जाता."

"पुढची येतील, मावशी. नाव सांगा त्याचं."

म्हातारी दगडावरून हात फिरवत राहिली. मग तिने गुलाब स्वतः उपटून मुलीच्या हातात दिले.

"दगडावर शमुवेल लिहिलंय," ती म्हणाली. "पण प्रार्थनेत बाळू म्हण. त्याला तीच हाक कळते."