गाडी कोन चालवतंय

"गाडी कोन चालवतंय?"

मास्तर हा प्रश्न समोर रस्त्याकडे बघत विचारायचे. आवाज चढायचा नाही, मान वळायची नाही. फक्त गुडघ्यावर पालथा ठेवलेला त्यांचा डावा पंजा हळूच मिटायचा. मूठ झाली की स्टिअरिंग धरून बसलेल्यानं समजायचं, काहीतरी चुकलंय. उत्तर एकच होतं, "मी." तेही लगेच द्यायचं. उशीर झाला तर मास्तर गाडी बाजूला घ्यायला लावायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे खाली उतरून, गाडीभोवती फेरी मारून, चाकाखाली वाकून बघण्यापासून.

कर्जत-खोपोली रस्त्यावर तुमचं जाणं-येणं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलंय. जुनी पांढरी गाडी, मागच्या काचेवर लाल एल, आणि वेग असा की सायकलवाला बाजूनं निघून जाईल. तुम्ही तिच्यामागे अडकून हॉर्नही मारला असेल. लाजू नका, मीही मारलाय. पळसदरीपासून चांगला दोन किलोमीटर मारत होतो. घरी येऊन हातपाय धुतले, तर थोड्या वेळानं सायली, माझी मुलगी, मास्तरांच्या शिकवणीहून तणतणत आत आली.

"आई, आज मागं एक येडा लागला होता. नुसता पों पों. मी घाबरून गाडी दामटायला लागले, तर काका म्हणाले, 'मागच्याला घाई हाय, आपल्याला नाय. गाडी कोन चालवतंय, तू का तो?'"

"कसली गाडी होती त्याची?" हिनं विचारलं.

"राखाडी. आपल्यासारखीच."

मी पेपर वर धरला. आमच्या घरात पेपर इतका वर कधी धरला जात नाही, त्यामुळे दोघींना काय ते कळलं.

सायलीला खोपोलीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. पाळी सकाळी सातची, कारखान्याची बस आमच्या फाट्यावर येत नाही. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. गाडीची किल्ली हवी होती, आणि ती माझ्याकडे होती. मी जाहीर केलं की मास्तर 'हो' म्हणाले तरच किल्ली मिळेल. घरात हे फार समजूतदार बोलणं ठरलं. खरं सांगतो, मास्तर 'नाही' म्हणतील अशी माझी पक्की खात्री होती. त्या रस्त्यावर डंपर कसे येतात ते मला माहीत आहे. पोरगी नोकरीला मुकली असती तरी चाललं असतं, असं तेव्हा मला मनातल्या मनात वाटत होतं.

मास्तर माणूस तसा मऊ. पायजमा, वर पांढरा शर्ट, डाव्या पायानं किंचित लंगडत चालायचे. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता, पण तो त्यांनी दाबलेला मुलांनी फारसा पाहिला नव्हता. एकदा हिनं सायलीला दूध आणायला सांगायला फोन केला. फोन पुढे ठेवला होता, वाजला, सायलीनं नुसतं बघितलं. उचलला नाही, फक्त बघितलं. मास्तरांनी गाडी थांबवायला लावली, तिला उतरवलं आणि मागे चालत नेलं.

"कुटं बघितलंस फोनाकडं?"

"इथं, या पिंपळापाशी."

"आन् रस्त्याकडं कुटं बघितलंस परत?"

तिनं दाखवलं. मग तिला ते अंतर पावलांनी मोजायला लावलं. त्रेचाळीस पावलं भरली.

"येवड्या रस्त्यात गाडी कोन चालवत होतं, गं?"

या एकाच वेळेला 'मी' हे उत्तर चाललं नसतं. त्या दिवसापासून आमच्या घरातला फोन गाडीत शिरला की मागच्या सीटवरच्या पिशवीत जातो. पिशवीत दूधही असतं कधीकधी.

मास्तरांची एक पद्धत होती. शिकवणी संपली, परीक्षेचा साहेबसुद्धा पास म्हणाला, तरी मास्तर 'हो' म्हणायचे नाहीत. त्याआधी एक फेरा व्हायचा. गाडी शिकणाऱ्याच्या घरची. शेजारी घरातलं एक माणूस, आई, बाप, नवरा, जो कोणी असेल तो. मास्तर मागे. तिथे त्यांच्या पायाखाली काही नाही. जायचं नेरळहून माथेरानच्या घाटानं दस्तुरीपर्यंत, जिथे गाड्यांना बंदी सुरू होते आणि घोडे सुरू होतात. तिथे चहा प्यायचा आणि खाली यायचं.

मला या फेऱ्याचा फार आनंद झाला. घाट हा माझा प्रांत. मी गाडी शिकलो चुलतभावाच्या टेंपोवर, आणि आम्ही घाटाखालची माणसं एक गोष्ट कळायला लागल्यापासून मानत आलोय, उतारावर इंजिन चालवणं म्हणजे डिझेल ओतून देणं. खंडाळ्याला गिअर काढायचा तो खोपोलीत घालायचा. पंचवीस वर्षं मी असाच उतरलोय आणि पाहुण्यांना कौतुकानं सांगितलंय. गाडी वाऱ्यासारखी उतरते आणि काटा हलत नाही. पाहुणे गप्प बसायचे. मला वाटायचं, थक्क झालेत.

चढताना सायली नीट चालवत होती. पहिल्या वळणाला मी म्हटलं, "जरा बाहेरून घे." दुसऱ्याला म्हटलं, "जरा आतून घे." माथेरानच्या छोट्या आगगाडीचे रूळ रस्ता ओलांडतात तिथे ती थांबली, काच खाली करून तिनं दोन्हीकडे कान दिला. मी म्हटलं, "आत्ता काही यायची वेळ नाही." तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मगच गाडी काढली. मागे आरशात मास्तर खिडकीतून माकडं बघत होते. वर चहा पिताना मी त्यांना विचारलं, "कशी काय चालवते?"

"अजून उतरायचंय, भाऊ," ते म्हणाले.

उतार लागला. सायली पहिल्या गिअरमध्ये, इंजिनानं गाडी धरून ठेवत उतरत होती. इंजिन घूं घूं करत होतं आणि माझ्या कानात प्रत्येक घूं बरोबर पेट्रोल गळत होतं.

"किती रडवतेस त्याला. न्यूट्रल कर."

"नको, बाबा."

"अगं, मी सांगतोय ना. पंचवीस वर्षं उतरतोय."

"बाबा, प्लीज."

मागून काहीच आवाज नाही. मला वाटलं, मास्तरांनाही पटलंय. एक सरळ तुकडा आला. तिथे दुसरा घालायला तिनं क्लच दाबला, आणि तेवढ्यात मी हात पुढे करून गिअरची दांडी मधे, न्यूट्रलला ओढली. तिच्या हाताच्या आधी माझा हात पोचला होता. तिचा पाय क्लचवरून उठला, आणि गाडी सुटली.

इंजिनाचा आवाज एकदम बंद झाल्यासारखा झाला. तेवढी शांतता मला आजही नको वाटते. पुढे उजवं वळण, वळणावर दगडी कठडा, कठड्यापलीकडे नुसतं आभाळ. खालून एक टॅक्सी वर येत होती, तिचा हॉर्न ऐकू येत होता, ती दिसत नव्हती. सायलीनं ब्रेक दाबला. गाडी थोडी दबली आणि पुन्हा ओढ घेऊ लागली. करपल्याचा वास आला. माझा हात अजून दांडीवरच होता. गंमत म्हणजे मी ती घट्ट धरून बसलो होतो, जणू तेवढ्यानं गाडी थांबणार होती.

मागून आवाज आला, रोजच्यासारखाच.

"गाडी कोन चालवतंय?"

"मी."

"मंग चालव."

"हात काढा, बाबा," सायली म्हणाली. तिचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मी हात काढला नाही, तिनं तो कोपरानं उडवला. ब्रेक दाबला, सोडला, जोरात दाबला. दुसरा गिअर पडला. गाडीला हिसका बसला, माझं डोकं पुढे गेलं. मग पहिला. इंजिन मोठ्यानं ओरडलं, आणि ते ओरडणं मला इतकं गोड लागलं की काय सांगू. वळणाच्या तोंडाशी आम्ही चालण्याच्या वेगावर आलो होतो. टॅक्सी आली, ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलं आणि निघून गेली. त्याच्या लेखी काही झालंच नव्हतं.

वळण संपल्यावर सायलीनं डोंगराच्या कडेला गाडी लावली. हँडब्रेक ओढला, गिअर तसाच ठेवला, उतरली, एक दगड शोधून चाकाला लावला. मग माझ्या बाजूचं दार उघडलं.

"मागं बसा."

"सायली, मी फक्त…"

"बाबा, तुम्ही मागं बसा. नाहीतर मी गाडी हलवणार नाही."

मी मागे बसलो. पुढची सीट रिकामी राहिली. मास्तरांनी सरकून मला जागा दिली आणि हळूच म्हणाले, "हात मांडीखाली घ्या, भाऊ. बरं वाटतं." मी घेतले. पन्नाशीतला बाप्या माणूस, दोन्ही हातांवर बसून मी नेरळपर्यंत आलो.

ब्रेक निवेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. तेव्हा मी मास्तरांना रागानंच विचारलं, "तुम्ही मला अडवलं का नाही?"

"मी किती दिवस मागं बसनार, भाऊ? तुमी रोज हाय."

मग आपण होऊन बोलले. तरुणपणी ते याच घाटात टॅक्सी चालवायचे, मालकाची. एकदा मालक शेजारी होता. म्हणाला, उतार हाय, इंजिन बंद कर. "मला समजत होतं. पर मालक व्हता. मी ऐकलं." त्यांनी डाव्या पायावरून हात फिरवला.

"आणि मालक?"

"त्यांच्या घरी जातो ना मी दिवाळीला. म्हातारी हाय अजून त्यांची."

एवढंच. खाली नेरळला उतरताना ते सायलीला म्हणाले, "हो." आणि माझ्याकडे वळून, "पोरगी पास. तुमचं बघू."

किल्ली मी त्या दिवशीच दिली. सकाळी ती निघाली की पहिले काही महिने मी फाट्यापर्यंत चालत जायचो. पाय मोकळे करायला, असं सांगायचो.

पुढच्या वर्षी मास्तर आमच्याकडे पायी आले. पाणी प्यायले, म्हणाले, "शिकवनी बंद केली."

"का हो?"

"काल फाटकापाशी बकरी आडवी आली. पोरानं ब्रेक मारला. मला दिसलीच नाय." कोणी काही म्हटलं नव्हतं, कोणाला कळलंही नव्हतं. पांढरी गाडी त्यांनी त्याच आठवड्यात देऊन टाकली. त्यानंतर डोळ्यांच्या तपासणीला त्यांना सायलीच न्यायची, रविवारी. पुढे बसा म्हटलं तरी मागेच बसायचे, डाव्या खिडकीशी, पंजा गुडघ्यावर पालथा. मी असलो तर आम्ही दोघं मागे. तिला काही सांगावंसं वाटलं की मी हात मांडीखाली घ्यायचो, आणि ते माझ्याकडे न बघता हसायचे.

गेल्या पावसाळ्यात मास्तर गेले. झोपेतच. त्यांच्या दाराशी त्या दिवशी रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागली होती, टेंपो, रिक्षा, एक शाळेची बससुद्धा. सगळ्या नीट, एकीनंही दुसरीची वाट अडवली नव्हती. निघताना प्रत्येक जण आपल्या गाडीभोवती फेरी मारत होता, वाकून चाकाखाली बघत होता. त्यांतला कोणी कोणाला ओळखत नव्हता.

आता मला पुढे बसायची परवानगी आहे. परवा सायलीबरोबर खोपोलीला निघालो होतो. तिनं फेरी मारली, पट्टा लावला, फोन पिशवीत टाकला. किल्लीला हात लावला आणि आरशात बघितलं. मागच्या डाव्या खिडकीशी कोणी नव्हतं.

"मी," ती हळूच म्हणाली, आणि किल्ली फिरवली.

मी हात मांडीखाली घेतले.