काडीचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे पोरमावशी म्हणायचे. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण माइकसमोर उभी राहिली की तिच्या घशातून शाळकरी पोरगा बोलायचा. कार्टूनमधली, जाहिरातींतली, सिनेमांतली कितीतरी मुलं तिच्या तोंडाने बोलली. काचेच्या अलीकडे बसून मी ती रेकॉर्ड करायचो. "नवऱ्याला वाटलं बायको आणली, घरी आख्खी शाळाच आली," असं सांगून ती स्वतःच आधी हसायची.

मग तो सिनेमा आला. एका तरुण दिग्दर्शिकेने मित्रमंडळींना हाताशी धरून केलेला, पुलाखाली राहणाऱ्या, नशेत बुडालेल्या पोरांवरचा. नटही बरेचसे पुलाखालचेच. मुख्य काम करणाऱ्याला सगळे काडी म्हणायचे. तसाच बारीक, आवाज अजून न फुटलेला. पडद्याबाहेरही तो चिंधीवर पंक्चरचं सोल्युशन ओतून नशेसाठी हुंगायचा. शूटिंगला दिग्दर्शिका त्याच्या हातात नुसती पाण्याने भिजवलेली चिंधी द्यायची, तरी ती नाकाशी नेताच त्याचे डोळे फिरायचे. शूटिंग संपलं आणि काडी नाहीसा झाला. पुलावरच्या गाड्यांच्या घरघरीत त्याचं बोलणं बुडालं होतं, ते पुन्हा रेकॉर्ड करायला तोच नव्हता. म्हणून पोरमावशीला बोलावलं.

ओठांना शब्द जुळवणं तिच्या हातचा मळ. इथे मात्र ती अडली. "हा श्वास सोडून बोलत नाही रे," ती म्हणाली, "कोंडून बोलतो." मग तिनेही श्वास कोंडला. पडद्यावर काडीने तोंड उघडलं, आणि असा आवाज आला की आत खरंच तीच उभी आहे ना, हे मी काचेतून पाहिलं. नक्कल वाटतच नव्हती. काम संपल्यावर चहा आला. "माझा बिनसाखरेचा," ती म्हणाली, काडीच्याच आवाजात. मी हसलो. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. आपण कसं बोललो हे तिला कळलंच नव्हतं.

काडीची थोरली बहीण दिग्दर्शिकेकडून पत्ता घेऊन स्टुडिओत आली ती त्याच आठवड्यात. लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. भावाचा काही ठावठिकाणा लागतोय का, एवढंच तिला विचारायचं होतं. तेवढ्यात स्पीकरवर काडी बोलला आणि ती भिंतीला धरून खाली बसली. पाणी प्यायल्यावर, तो आवाज कुणी काढला ते कळल्यावर म्हणाली, "मावशी, आईची नजर गेलीय. पोरगा गेल्यापासून अन्न गोड लागत नाही तिला. फोनवर फक्त 'मी बरा आहे' म्हणा."

"असलं मला सांगू नकोस. गेलेल्या माणसाचा आवाज मी काढणार नाही."

"गेला असं कोण म्हणालं?"

पोरमावशीने तिच्या हातून फोन घेतला. फोन लागला. पलीकडून म्हातारीने विचारलं, "जेवलास का रे?"

"जेवलो," काडी म्हणाला. म्हणजे ती म्हणाली. "लांब काम मिळालंय, आई. तू पण जेव."

म्हातारी त्या दिवशी जेवली. मग बहीण दर थोड्या दिवसांनी येऊ लागली. तिला उशीर झाला की पोरमावशीच आत-बाहेर करायची. एकदा मी म्हटलं, "मावशी, हे अंगाशी येईल." ती म्हणाली, "आलंय."

काडी मेला नव्हता. रस्त्यात बेशुद्ध सापडला, दवाखान्यातून व्यसनमुक्ती केंद्रात गेला, आणि अंग धरल्यावर एका दुपारी आपल्या पायांनी घरी आला. मधल्या काळात त्याचा आवाज फुटला होता, आणि सोल्युशनच्या वाफेने उरलासुरलाही खरवडून काढला होता.

"आई, मी आलो."

"कोण मी?" म्हातारी म्हणाली. "माझा पोरगा मला फोन करतो. त्याचा आवाज ओळखते मी. तू चोर आहेस!" तिने आरडाओरडा करून शेजारी गोळा केले.

बहीण धापा टाकत स्टुडिओत आली. आम्ही तिघं निघालो. काडी जिन्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. पडद्यावर रोज पाहिलेलं तोंड मी लगेच ओळखलं. पोरमावशीने त्याला उठवलं, दारात नेलं आणि त्याच्या मागे उभी राहिली.

"आई," ती त्याच्या जुन्या आवाजात म्हणाली.

काडीने गर्रकन वळून पाहिलं. तसला पांढराफटक चेहरा मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

"आलास!" म्हातारीने हात पसरले. पोरमावशीने त्याला पुढे ढकललं आणि मागून बोलत राहिली: "मीच आहे. हात लाव." आणि मी पाहिलं, काडीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्दाला शब्द जुळत होता. म्हातारीची बोटं त्याच्या केसांतून कानामागच्या जुन्या खोकेवर गेली आणि थांबली.

"खोक माझ्याच पोराची आहे," ती सावकाश म्हणाली. "पण बोलतंय ते त्याच्या पाठीमागून. कोण आहे तिथे?"

"मी, ताई," पोरमावशी आपल्या आवाजात म्हणाली. "फोनवरही मीच होते."

मग म्हातारीने पोराचा हात न सोडता लेकीला सांगितलं, "दार लाव." आम्ही बाहेर होतो.

पोरमावशीने त्यानंतर पोरांचे आवाज काढले नाहीत. म्हाताऱ्या बायकांची कामं मिळतात तेवढी करते. काडी बहिणीच्याच लाँड्रीतले कपडे घरोघरी पोहोचवतो. मध्ये एकदा घसरला, बहिणीने पुन्हा केंद्रात नेलं, पुन्हा आला.

सिनेमा एका छोट्या सभागृहात दुपारी दाखवला. म्हातारी हट्टाने आली, ऐकायला. काडी तिच्या शेजारी बसला होता, पण तिचं तोंड सबंध वेळ पडद्याकडे. त्याने पाणी पुढे केलं, तेही तिला कळलं नाही. शेवटी पडद्यावरचा पोरगा पुलाखाली निजतो आणि उठत नाही. बराच वेळ नुसती गाड्यांची घरघर. म्हातारी कान देऊन वाट पाहत राहिली.

"तो आता बोलणार नाही का?" तिने विचारलं.

"नाही, आई," काडी आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग चल," ती म्हणाली आणि चाचपडत त्याचा खांदा धरून उठली.