नजरी नकाशावरचं नाव

एका वस्तीचं नाव मी चुकीचं लिहिलं, आणि ते मुद्दाम लिहिलं. घाईत होतो, लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही.

दोन हजार एकच्या जनगणनेआधी घरयादीचं काम आम्हा प्राथमिक शिक्षकांवर आलं. मी राजारामपुरीत राहणारा, माझ्या वाट्याला शहराच्या कडेची एक वस्ती आली. बहुतेक घरं बौद्धांची. घरांवर गेरूनं नंबर घालायचे, माणसं विचारायची आणि हातानंच नजरी नकाशा काढायचा. नाला, विहीर, बोळ, आणि सगळ्यात वर वस्तीचं नाव. लोक सांगतील तेच नाव लिहा, असं आम्हाला बजावलं होतं.

एक बाई दारातूनच म्हणाली, "काल एकजण कोंबड्या मोजून गेला, आज तुमी डोस्की मोजाय लागलासा. उठिवणार हाय व्हय आमास्नी?"

बोळातली माणसं हसली, पण एकही नजर माझ्या कागदावरून हलली नाही. मीही त्यांच्याकडे तशाच संशयानं बघत होतो. वस्तीच्या तोंडाशी पत्र्याची नवी पाटी होती, 'बोधिनगर'. माझ्याजवळच्या जुन्या यादीत मात्र जातीवरून पडलेलं नाव होतं. मला वाटलं, जागा नावावर करून घ्यायची ही युक्ती असणार. शिक्षकांच्या खोलीत तसंच बोललं जायचं, आणि मी ते तपासलं नव्हतं.

पाटी रंगवणारे म्हातारे गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी निर्जळी उपास आहे म्हणालो. उपास नव्हता.

"गुरुजी, नाव काय लिवलासा तेवढं दावा की."

"सरकारी कागद आहे आजोबा. दाखवता येत नाही."

"आमच्याच वस्तीचं नाव, आन् आमालाच दावता येत न्हाई?"

मी तळहातानं नकाशाची वरची कड झाकली. हाताखाली जुनं नाव होतं.

आमच्या शहराला कोल्हापूर आणि करवीर अशी दोन नावं. दोन्हींच्या कथा मी वर्गात रंगवून सांगायचो. राजारामपुरी तर राजाच्याच नावाची. गल्लीचा आकडा सांगितला की आमचा पत्ता पुरा होई. त्या नावांचा पुरावा मी कधी कुणाकडे मागितला नाही.

वर्षा-दीड वर्षानं म्हातारे शाळेत आले. वस्तीच्या रस्त्यावर जुन्या नावाचा फलक लागला होता. महापालिकेत चौकशीला गेले, तर त्यांच्यापुढे माझा नकाशा धरला गेला. नातीच्या कॉलेजच्या अर्जावर पत्ता म्हणून आता तेच नाव जाणार होतं.

"एवढंच लिवून द्या, आमी बोधिनगर सांगितलं हुतं म्हणून."

मला नोकरीची भीती वाटली. शिवाय, यांना कुणीतरी शिकवून पाठवलंय, मला अडकवायचंय, असा संशय आला.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

ते दाराकडे वळले. "आमच्या पोरास्नी आठवंल की," म्हणाले आणि निघून गेले.

पुढं शाळेत कोणतंही टपाल आलं की ती माझी चौकशीच असणार असं मला वाटे. कुणीच काही विचारलं नाही. दशक सरता सरता पुढच्या जनगणनेच्या प्रशिक्षणाचा आदेश आला, तेव्हा त्या वस्तीकडे जायचं टाळणं मला जमेना. म्हाताऱ्यांनी मागितलं होतं तेच लिहून काढलं, सही केली आणि कागद घेऊन गेलो.

रस्त्यावरचा फलक तसाच होता. पत्र्याची पाटी मात्र ताजी रंगवलेली. म्हातारे खाटेवर होते, जवळ नात बसलेली. त्यांनी मला ओळखलं.

"आता कुणी धाडलं तुमाला?"

"कुणी नाही. मीच आलो."

त्यांना ते पटलं नाही. नातीनं कागद दोनदा वाचून दाखवला, सही बोटानं चाचपून बघितली. मग म्हातारे तिला म्हणाले, "च्या टाक." आणि माझ्याकडे वळून, "आज उपास न्हाई न्हवं?"

मी खाटेजवळ गेलो.

"आजोबा, तुम्ही बोधिनगरच सांगितलं होतं. शाळेत आलात तेव्हाही मला ते आठवत होतं. मी जाणूनबुजून दुसरं नाव लिहिलं आणि वर तुमच्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."